पडवीत बसलेली वहिनी : मध्यमवयाच्या प्रश्नाचा आढावा

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पेण सोडते आणि पुढचं स्टेशन येतं कासू. त्यानंतर नागोठणे. मुंबई-गोवा महामार्गाच्या बातम्या वाचणाऱ्यांना कासू हे नाव वेगळ्या कारणाने पाठ झालं आहे. पळस्पे ते कासू हा रुंदीकरणाचा एक टप्पा, कासू ते इंदापूर दुसरा. ते काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा पस्तिशीत असलेली इथली माणसं आता पन्नाशीला टेकली आहेत. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

गेल्या उन्हाळ्यात कासूच्या बाजूला नात्यातल्या एका घरी दोन दिवस राहिले होते. रात्री दोनच्या सुमारास मागच्या दाराची कडी वाजली म्हणून उठून पाहिलं, तर वहिनी पडवीत बसलेली. पाठ घामाने भिजलेली, हातात वर्तमानपत्राची घडी, तिनेच वारा घालून घेत होती. वय एक्कावन्न. मुलगा आणि सून कळंबोलीला खोली घेऊन राहायला गेले त्याला वर्ष झालेलं. सासू आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. नवरा कंपनीत कंत्राटी कामावर, ठेकेदार बदलला की काम राहील की जाईल याचा नेम नाही. “दुखत काही नाही गं,” ती म्हणाली, “पण जीव रमत नाही.” डॉक्टरांना दाखवलं होतं. अशक्तपणा आहे म्हणून त्यांनी सलाईन लावलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

वहिनीला नेमकं काय होत होतं? गेल्या साठेक वर्षांत जगभरच्या अभ्यासकांनी या प्रश्नाची निदान चार-पाच उत्तरं दिली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. ती उत्तरं क्रमाने मांडावीत आणि आपल्याकडे त्यातलं काय टिकतं ते पाहावं, एवढाच या आढाव्याचा हेतू.

नाव कुठून आलं

चाळिशी-पन्नाशीत मन डळमळतं, हे निरीक्षण जुनं आहे. त्याला ‘मध्यमवयातला पेच’ म्हणून शास्त्रीय लेखात जागा मिळाली ती १९६५ साली. एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने तीनशेहून अधिक चित्रकार, संगीतकार, कवी यांची आयुष्यं तपासली आणि पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान त्यांच्या कामात खंड पडतो किंवा कामाचा पोत बदलतो असं मांडलं. त्याचं म्हणणं असं, की आपण मरणार आहोत ही गोष्ट माणसाला या वयात पहिल्यांदा खरी वाटू लागते. तोवर ती फक्त ऐकलेली असते.

त्याआधी कार्ल युंगने आयुष्याच्या दुपारविषयी लिहिलं होतं. सकाळी उपयोगी पडलेले नियम दुपारनंतर चालत नाहीत, असा त्याचा रोख. एरिक एरिक्सनने १९५० साली आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. त्यातल्या सातव्यात, म्हणजे मध्यमवयात, प्रश्न असतो पुढच्या पिढीसाठी काही उभं करण्याचा. ते जमलं नाही तर माणूस साचून राहतो. या एरिक्सनचा भारताशी संबंध आहे. अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या १९१८ सालच्या संपावर त्याने ‘गांधीज ट्रुथ’ हे पुस्तक लिहिलं. संपाच्या वेळी गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, आणि त्या वयातला माणूस स्वतःचं काम कसं शोधतो हाच एरिक्सनच्या कुतूहलाचा विषय होता.

पुढे १९७८ साली डॅनियल लेव्हिन्सनने चाळीस अमेरिकन पुरुषांच्या मुलाखतींवरून जाहीर केलं, की बहुतेकांना चाळिशीत अशी उलथापालथ सोसावी लागते. चाळीस माणसं, तीही एका देशातली आणि सगळी पुरुष. हा पाया अरुंद होता, पण कल्पना रुजली. त्याच्या दोन वर्षं आधी पत्रकार गेल शीहीचं ‘पॅसेजेस’ हे पुस्तक प्रचंड खपलं होतं. त्यात बायका होत्या. संसारात वीस वर्षं घालवलेली बाई चाळिशीत घराबाहेर पाऊल टाकते आणि नवरा त्याच वयात घराकडे वळतो, असं शीहीने लिहिलं होतं. इतिहासकार सुझान श्मिट यांनी अलीकडे दाखवून दिलं आहे, की या कल्पनेला लोकप्रियता मिळाली ती शीहीच्या स्त्रीवादी मांडणीमुळे. मात्र पुढे ती पुरुषांच्याच नावावर चढली.

पेच खरा की मानलेला

अमेरिकेत १९९५ साली मध्यमवयाची मोठी पाहणी सुरू झाली. पंचवीस ते चौऱ्याहत्तर वयाची सात हजारांवर माणसं तीत होती. तिच्या आधाराने एलेन वेदिंग्टन यांनी लोकांना थेट विचारलं, की तुम्हाला असा पेच पडला होता का? सुमारे एक चतुर्थांश लोक हो म्हणाले. खोलात गेल्यावर दिसलं, की त्यातल्या पुष्कळांच्या त्रासाला वय कारण नव्हतं. कुणाची नोकरी सुटली होती, कुणाचा जोडीदार गेला होता, कुणाला आजार निघाला होता. या गोष्टी तिशीतही घडतात आणि साठीतही.

मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर यांनी १९९८ साली याहून पुढचं पाऊल टाकलं. मध्यमवय ही एका संस्कृतीने रचलेली गोष्ट आहे, सगळीकडे आयुष्य असं कापलं जात नाही, असं ते म्हणतात. त्यांच्यासोबत उषा मेनन यांनी भुवनेश्वरच्या जुन्या देवळांच्या वस्तीत काम केलं. तिथल्या एकत्र कुटुंबांतल्या बायकांनी त्यांना सांगितलं, की आयुष्यातला सर्वांत भरलेला काळ प्रौढपणाचाच. सुना आलेल्या असतात, स्वयंपाकघर आणि देवघर ताब्यात असतं, घरात आपला शब्द चालतो.

मला या वादात हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या घरांच्या जवळचा आहे. आपल्याकडेही सून नवी असताना सोसायचं आणि सासू झाल्यावर कारभार हाती घ्यायचा, असा न लिहिलेला करार होता. वहिनीने पंचवीस वर्षं त्यातली आपली बाजू पाळली. तांदळाच्या कोठीपासून वाल-पावट्याच्या बियाण्यापर्यंत सगळं सासूच्या हाताखाली शिकली. तिची पाळी आली तेव्हा सून कळंबोलीला गेली. कारभार हाती आला, पण तो चालवायला घरात माणूस उरलं नाही. मेनन यांचे निष्कर्ष एकत्र घरांचे होते. पनवेल आणि नवी मुंबईने ज्या गावांतली तरुण माणसं ओढून घेतली, तिथे ते कितपत लागू पडतात याचं उत्तर त्या अभ्यासात मिळणार नाही.

आकड्यांतला खळगा

तिसरं उत्तर अर्थशास्त्रज्ञांचं. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी २००८ साली अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून मांडलं, की माणसाचं समाधान तरुणपणी वर असतं, पन्नाशीच्या अलीकडे तळाला जातं आणि पुढे पुन्हा चढतं. ब्लँचफ्लॉवर यांनी नंतर जवळपास दीडशे देशांची आकडेवारी तपासली. तळ सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या आसपास आला, श्रीमंत देशांतही आणि गरीब देशांतही. २०१२ साली तर पाचशेवर चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्याविषयी त्यांना सांभाळणाऱ्यांची मतं घेतली गेली. तिथेही असाच खळगा दिसल्याचा दावा झाला. हा दावा धरला तर संसार, नोकरी, मुलं यांच्याही खाली काहीतरी जैविक असावं.

यावरचे आक्षेपही वजनदार आहेत. एकाच वर्षी वीस, पन्नास आणि सत्तर वर्षांच्या वेगवेगळ्या माणसांना विचारून तो एकच माणूस वाढतोय असं समजणं धोक्याचं. त्यांचे काळ वेगळे, शिक्षण वेगळं, सोसलेल्या टंचाया वेगळ्या. एकाच माणसाच्या मागे वर्षानुवर्षं जाणाऱ्या अभ्यासांत खळगा कधी दिसतो, कधी दिसत नाही. आणि आता खुद्द ब्लँचफ्लॉवर म्हणताहेत, की अनेक देशांत तरुणांचीच मनःस्थिती इतकी ढासळली आहे की वक्राचा जुना आकार पुसला जातोय. वहिनी पडवीत बसली होती ती या खळग्याच्या तळाशी, असं म्हणायला हरकत नाही. पण त्याने तिला झोप कशी लागावी हे कळत नाही.

देहाची बाजू

चौथं उत्तर सर्वांत साधं आणि आपल्याकडे सर्वांत कमी बोललं जाणारं. पाळी जाण्याचा काळ. भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते, पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं आधी. आधीची दोन-चार आणि नंतरचीही काही वर्षं अंगातून वाफा निघणं, रात्री घाम फुटणं, झोप मोडणं, चिडचिड, काळजाचे ठोके वाढणं हे होऊ शकतं. पुस्तकात याला रजोनिवृत्ती म्हणतात. बायका आपसात नुसतं ‘गेली’ म्हणतात, बहुतेक वेळा ‘सुटले बाई’ म्हणून. सुटल्याचा आनंद खराच असतो, म्हणून त्रास सांगायला जागा राहत नाही. वहिनीला मी विचारलं तेव्हा तिने घाम आणि पाळी यांचा संबंध जोडलाच नव्हता. पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं.

वैद्यकाची बाजू मांडणारे म्हणतात, की आधी थायरॉइड, साखर, रक्तातलं लोह तपासा, पाळीचा इतिहास विचारा, मनाचं नंतर बघू. हे म्हणणं योग्य आहे. दुसरी बाजू म्हणते, सगळंच संप्रेरकांवर ढकललं की बाईची तक्रार ऐकायची गरज उरत नाही. त्यातही तथ्य आहे. आणि देहावर उपचार करताना काय होऊ शकतं याचं कटू उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पुष्कळजणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. ज्यांचे बीजकोशही गेले त्यांचं मध्यमवय एका शस्त्रक्रियेत येऊन पोचलं.

वय हे सगळ्यांना सारख्या वेगाने येत नाही, याची आठवण पेण-रोह्यातही सतत होते. डोंगराकडेच्या वाड्यांतली कातकरी माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला जातात. तिथे चाळिशीचं शरीर झिजलेलं असतं आणि त्या वयाला आजी झालेली बाई नवलाची नसते. तिला आयुष्याची दुपार कधी विचारायची?

आपल्याकडची उत्तरं

जुन्या ग्रंथांनी मध्यमवय लांबवर ताणलं आहे. चरक ते तीस ते साठ सांगतात, सुश्रुत सोळा ते सत्तर. मनुस्मृती वानप्रस्थाला वयाचा आकडाच देत नाही. सुरकुत्या दिसल्या, केस पिकले, नातू झाला की निघावं, एवढीच खूण. ही व्यवस्था पुरुषाला, तीही वरच्या वर्णाच्या, डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती हे विसरता येत नाही. तरी तिच्यात एक शहाणपण आहे. बदल देहावर आणि घरात दिसतो, त्याला नाव आहे, आणि पुढे काय करायचं ते सांगितलेलं आहे. आज कुणी सांगत नाही.

रायगडच्या गावांत ही पोकळी दोन प्रवाहांनी मोठ्या प्रमाणात भरली. एक स्वाध्याय. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोह्यात जन्मले आणि १९५८ साली, अडतिसाव्या वर्षी, त्यांनी सौराष्ट्रात भक्तिफेऱ्या सुरू केल्या. पुढे किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी वस्त्यांत स्वाध्याय घरोघर पोचला. दुसरी श्रीबैठक. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी १९४३ साली ती सुरू केली. बैठकीत दासबोधाचं निरूपण चालतं. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात समर्थ रामदासांनी एका माणसाची अख्खी जीवनकथा सांगितली आहे: जन्म, लग्न, बायकोचं जाणं, दुसरं लग्न, कर्ज, परदेशी वणवण, थकून परतणं, पोरांनी न विचारणं. मध्यमवयातल्या श्रोत्याला तिथे स्वतःची गोष्ट भेटते आणि ती एकट्याची नाही हे कळतं. आठवड्यातून ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, पांढरी साडी किंवा धुतलेले कपडे घालून घराबाहेर पडणं आणि बरोबरीच्या बायकांत दोन तास बसणं, हे वहिनीसारखीला किती आधाराचं असतं ते मी जवळून पाहिलं आहे. सासूला सोडून जाता येईना म्हणून तिची बैठक बंद पडली होती.

या मार्गांवर टीका करणारे म्हणतात, की इथे मनाला शांत केलं जातं, प्रश्न तसाच राहतो. घरातला बोजा कुणी वाटून घ्यावा हे निरूपणात येत नाही. विवेकनिष्ठ मानसोपचाराची धारा आणखी वेगळी वाट दाखवते. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आणि ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या डॉ. आनंद नाडकर्णींच्या मानसिक आरोग्य संस्थेने ती पुष्कळ पुढे नेली. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली समजूत उभी असते, ती तपासा, असं ही पद्धत सांगते. ‘मुलं गेली म्हणजे माझी गरज संपली’ ही घटना नव्हे, समजूत आहे. बैठकीला जाणारी आणि समुपदेशकाकडे जाणारी माणसं बहुधा वेगवेगळी असतात. दोन्हीकडे जाणारी मला दिसली आहेत आणि त्यांना त्यात विरोध वाटत नव्हता.

मराठी पुस्तकांतून आणि पडद्यावर बायकांच्या बाजूने आलेलं हे पाचवं उत्तर. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं आणि चार दशकांच्या सहजीवनाचा हिशेब एका बाईने चारचौघांत मांडला. २००० साली ‘अस्तित्व’ चित्रपटातली प्रौढ नायिका घर सोडून निघाली. या कृतींचा सूर एकच, की बिघाड तिच्यात झालेला नाही, तिला उशिरा का होईना दिसू लागलं आहे.

आणि याच मातीत दिशा बदलण्याची मोठी उदाहरणंही आहेत. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूदानाच्या वाटेला लागले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. त्यानंतर तेरा वर्षं ते चालत होते. रोहेकर ज्यांना आपले मानतात ते चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली दुर्गाबाईंशी विवाहबद्ध झाले, वय सत्तावन्न. थोरांची उदाहरणं सामान्यांना लागू होत नाहीत असं म्हटलं जातं. मला वाटतं, पन्नाशीनंतर आयुष्य नव्याने मांडता येतं एवढा पुरावा म्हणून ती पुरेशी आहेत.

पुरुष

पुरुषांविषयी थोडक्यात लिहावं लागतंय, कारण ते बोललेले कमी. वहिनीचा नवरा कामावरून आला की ओट्यावर बसतो, फोन बघतो. काही संध्याकाळी घेतो. काहीजण मोटरसायकल बदलतात, काही शेताचा तुकडा विकून घर बांधतात. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले तेव्हा मुलींच्या लग्नाची आणि म्हातारपणाची पुंजी अडकलेले कितीतरी पुरुष याच वयातले होते. बसलेल्या धक्क्याला कुणी मनाचा आजार म्हटलं नाही, बीपी म्हटलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात आत्महत्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची आहे, बावीस हजारांवर. देशभरात आत्महत्या करणाऱ्यांत दहापैकी सातहून अधिकजण पुरुष आहेत, आणि तीस ते पंचेचाळीस या वयाचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे.

काय सुटलेलं नाही

पहिला अनुत्तरित प्रश्न मोजणीचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बायकांना पंधरा ते एकोणपन्नास वयापर्यंतच धरते, कारण तिचा भर बाळंतपणाच्या वयावर. पन्नासाव्या वाढदिवसाला बाई त्या पाहणीतून बाहेर पडते. दुसरीकडे मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ पासून बहात्तर हजारांवर माणसांची दीर्घकालीन पाहणी सुरू केली. ती पंचेचाळीसपासून सुरू होते खरी, पण वार्धक्याची पाहणी म्हणून. त्या पाहणीत साठीपुढच्या लोकांत नैराश्याची लक्षणं निदान झालेल्यांच्या दसपट आढळली. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या मानसिक आरोग्य पाहणीत बारा राज्यं होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. मध्यमवय हे स्वतंत्र वय म्हणून आपल्याकडे अजून फारसं मोजलं गेलेलं नाही, खेड्यातलं तर त्याहून कमी.

दुसरा प्रश्न उपचाराचा. यातलं किती नैराश्य आहे, ज्यावर औषध हवं, आणि किती वाजवी दुःख आहे, ज्यावर सोबत हवी, ही रेघ कुठे ओढायची याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. तिसरा प्रश्न घराचा. अंथरुणाला खिळलेल्या सासूची काळजी घेणारी सून एकटीच असेल, तर तिच्या मनावरचा उपचार म्हणजे आठवड्यातून दोन तास सासूजवळ बसणारं दुसरं कुणी. याचा खर्च कुणी करायचा, मुलाने, गावाने की सरकारने, यावर फारशी चर्चा होत नाही. माझ्या मते या सगळ्या वादात सर्वांत निकडीचा मुद्दा हाच आहे.

वहिनीची थायरॉइडची तपासणी पेणला झाली, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवलं. घाम कमी झाला आहे. नणंद आता महिन्यातून दोनदा येऊन आईजवळ बसते आणि वहिनी बैठकीला जाते. तुमच्या घरात पंचेचाळीस ते साठच्या दरम्यान कुणी असेल, तर झोप लागते का, जीव रमतो का, एवढं एकदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसा. बोलायला कुणीच नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.